कोच राहावं की असोसिएशनमध्ये जावं?

तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. वय २९, इंदूरला राहता, मध्य प्रदेशाकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळलात, पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा डिप्लोमा केलात आणि एका शाळेच्या मुलींना बास्केटबॉल शिकवता. आता जिल्हा असोसिएशनने सहसचिवपद देऊ केलंय. ते घ्यावं की कोचच राहावं? आणि जुन्या पिढीतली माणसं तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं कोचही होती, पदाधिकारीही होती. त्यांना ते कसं जमलं आणि आज जमेल का?

माझं उत्तर: पद घ्या आणि कोचिंगही सोडू नका. मात्र पद घेतल्या दिवसापासून निवड समितीत बसायचं नाही, आणि हे पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यायचं. तोंडी ठरलेलं इंदूरच्या पहिल्या पावसात वाहून जातं. मी बँकेत नोकरी करत मुलींना शिकवलं, जिल्ह्याच्या संघटनेत बरीच वर्षं काम केलं, आणि आता पद नाही म्हणून थोडं मोकळेपणाने लिहू शकते.

जुनी माणसं इतकी टिकली कशी? लोक त्याग, तपश्चर्या वगैरे शब्द वापरतात. खरं कारण महिन्याच्या पगारात आहे. आमच्या वेळचे बहुतेक कोच रेल्वेत, बँकेत, वीज मंडळात, नाहीतर शाळेत पी. टी.चे सर होते. ऑफिस सुटलं की घरी डबा टाकून थेट ग्राउंडवर. बास्केटबॉलने त्यांना जेवू घातलं नाही, आणि म्हणूनच बास्केटबॉलशी त्यांचं भांडण झालं तरी त्यांच्या घरची चूल चालू राहिली. बोरिस्लाव स्तांकोविच यांचंच बघा. १९५० च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत ते युगोस्लाव्हियाकडून खेळले. शिक्षणाने पशुवैद्य, मांस तपासणीची नोकरी करत बेलग्रेडच्या क्लबला कोचिंग केलं. पुढे १९६८ मध्ये इटलीतल्या कान्तू क्लबला तिथली लीग जिंकून दिली आणि १९७६ ते २००२ अशी सव्वीस वर्षं फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, सरचिटणीस राहिले. त्यांच्या कोचिंगची सुरुवात अशी दुसऱ्याच नोकरीवर उभी होती.

तुमचं तसं नाही. तुमचा पगारच कोचिंगचा आहे, तोही शाळेचा. जिल्ह्याचं सहसचिवपद बिनपगारी असतं. उलट फोन, पेट्रोल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा पोहे-जिलबीचा खर्च तुमच्याच खिशातून जाईल. शाळेच्या प्राचार्यांना हे आधी सांगा. संघटनेच्या कामासाठी वर्षाला किती दिवस सुटी मिळेल हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. घरच्यांनाही सांगा. हा भाग एवढाच.

आता मूळ मुद्दा. पदाधिकाऱ्याचं काम म्हणजे हार, व्यासपीठ, उद्घाटन असं बाहेरून दिसतं. आत गेलात की कळेल, सगळी ओढाताण एका गोष्टीची असते: यादीतलं बारावं नाव.

संघात बारा खेळाडू असतात. निवड चाचणीत पहिली सात-आठ नावं आपोआप ठरतात. ग्राउंडच्या कडेला चणे खात बसलेला माणूसही ती सांगेल. नववं, दहावं थोड्या चर्चेने ठरतं. अकराव्या आणि बाराव्या नावाला चार-पाच मुली साधारण सारख्याच असतात, आणि तिथे फोन सुरू होतात. का, हे नव्या लोकांना लवकर कळत नाही. बाराव्या मुलीला स्पर्धेत खेळायला दोन मिनिटंसुद्धा मिळणार नाहीत, मग एवढा जीव कशाला? कारण खेळायला मिळो न मिळो, कागद मिळतो. केंद्र सरकारच्या खेळाडू कोट्यातून भरती होते तिथे प्रमाणपत्राचे ठरलेले नमुने आहेत: आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी फॉर्म १, राष्ट्रीयसाठी फॉर्म २, आंतरविद्यापीठासाठी फॉर्म ३, शालेयसाठी फॉर्म ४. फॉर्म २ वर राज्य संघटनेच्या सचिवाची सही लागते. आपल्याकडे राज्य सरकारच्या एकलव्य आणि विक्रम पुरस्कारांचे अर्ज भरतानाही हेच कागद जोडावे लागतात. म्हणजे जिल्ह्याच्या यादीतून राज्य स्पर्धा, तिथून राज्याचं शिबिर, तिथून राष्ट्रीय स्पर्धा आणि मग नोकरीचा अर्ज, अशी ती साखळी आहे. तिची पहिली कडी तुमच्या हातात येणार. गोरगरीब घरातल्या वडिलांना ही साखळी तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली माहीत असते. ते घरी येऊन ‘दीदी, बस बारहवें में डाल दो’ म्हणतात तेव्हा त्यांना लाचखोर समजू नका. मुलीच्या पोटापाण्याचं बोलत असतात ते. पण ऐकूही नका.

तुम्ही कोच म्हणून निवड समितीत बसलात की काय होतं? चार सारख्या मुलींतली एक तुमची असते. तुम्ही तिला घेतलं तर ‘आपलीच घेतली’. नाही घेतलं तर तुमच्या सरावाला येणाऱ्या बाकीच्या मुलींच्या आया तुम्हाला विचारतात, ‘सर, आमच्यासाठी तुम्ही बोललात तरी का?’ दोन्हीकडून तुम्ही गेलात. याहून वाईट पुढे होतं. बाकीचे कोच आपल्या मुली चाचणीला पाठवणं बंद करतात. भांडत नाहीत, तक्रार करत नाहीत, नुसतं पाठवत नाहीत. दोन-तीन वर्षांत चाचणीला दोनच क्लबच्या मुली उरतात आणि जिल्हा संघ उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे जात नाही. मग आपणच म्हणतो, आजकाल मुली खेळत नाहीत.

माझी पद्धत सांगते, पटली तर उचला. निवडणारे तिघं, त्यातला एक बाहेरच्या जिल्ह्यातला, एक ज्याचा सध्या कुठलाच संघ नाही असा. मुलींच्या पाठीवर फक्त नंबर, कागदावर नाव किंवा क्लब नाही. तिघांनी आपापले बारा नंबर एकमेकांशी बोलण्याआधी लिहून माझ्याकडे द्यायचे. त्यानंतर चर्चा. तिघांचेही मूळ कागद फाइलला लागतात आणि कुणाही पालकाने मागितले तर दाखवले जातात. यादी त्याच संध्याकाळी ग्राउंडवर वाचायची, तीन राखीव नावांसह. रात्रीवर ढकलली की रात्री फोन येतातच. या पद्धतीने सगळे खूश होतात असं मुळीच नाही. पण नाराज माणूस दुसऱ्या वर्षी पुन्हा येतो, हा फरक मोठा आहे.

वयाचा प्रश्न याच्याच जोडीचा. सब-ज्युनियर, यूथ, ज्युनियर अशा गटांत नोंदणी करताना जन्माचा दाखला बघताना तारीख बघाच, पण दाखला कधी काढला तेही बघा. जन्मानंतर दहा-बारा वर्षांनी नोंदवलेला जन्म दिसला की शाळेच्या पहिलीच्या प्रवेशाची नोंद मागवा. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढायची चाचणी वरच्या पातळीवर होते, पण तिथे मुलगी अडकली तर नाचक्की तिची आणि जिल्ह्याची. दोष बहुधा तिचा नसतोच. दाखला तिने काढलेला नसतो. जिल्ह्यातच, शांतपणे, पालकांना घरी बोलावून हे मिटवता येतं. कोच असल्याचा इथे उपयोग होतो, कारण ती मुलगी पहिल्यांदा ग्राउंडवर आली तेव्हा किती उंच होती आणि कितवीत होती हे तुम्हाला आठवत असतं.

ग्राउंडचं आता सांगते, कारण या विषयावर आपल्या शहरात फारच थोडं बोललं जातं. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये खेळलेल्यांना इनडोअर लाकडी मैदानाचं सुख माहीत आहे, पण शहरातली बहुतेक पोरं शाळेच्या आणि कॉलनीच्या सिमेंटवर शिकतात. आणि माळव्याची जमीन म्हणजे काळी माती. पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट स्लॅब टाकलेलं मैदान दोन पावसाळ्यांत मधोमध तडकतं आणि त्या तड्यावर बॉल विचित्र उसळतो. आधी काळी माती काढून मुरूम भरून, पाणी मारून, रोलर फिरवून तळ पक्का करावा लागतो आणि स्लॅबमध्ये सांधे सोडावे लागतात. ठेकेदार म्हणतो, ‘हो जाएगा, मॅडम.’ नाही होत. शाळेने किंवा नगरसेवक निधीतून मैदान करायचं ठरलं की तुम्ही पहिल्याच दिवशी तिथे उभे राहा, फीत कापायच्या दिवशी नाही गेलात तरी चालेल. मैदान २८ मीटर बाय १५ मीटर हे सगळ्यांना पाठ असतं, पण चारी बाजूंना दोन-दोन मीटर मोकळे हवेत हे विसरलं जातं. म्हणजे जागा ३२ बाय १९ लागते. नाहीतर ले-अप मारणारी, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून बॉल टाकणारी, मुलगी थेट कुंपणाच्या भिंतीवर जाते. लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे संध्याकाळच्या सरावात सूर्य कुठल्याच रिंगच्या मागे येत नाही. पाणी निघायला हलका उतार ठेवा. लहान मुलांसाठी एका कडेला २.६० मीटर उंचीची रिंग लावता आली तर लावाच. आठ-नऊ वर्षांच्या पोराला ३.०५ मीटरवर बॉल फेकायला लावलं की ते कंबरेतून फेकायला शिकतं आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

नियम बदलले की मैदानावरच्या रेषाही बदलतात, आणि त्याचा रंग असोसिएशनच्या बजेटमधून येतो. तीन गुणांची रेषा १९८४ नंतर ६.२५ मीटरवर होती, २०१० च्या बदलात ती ६.७५ वर गेली. रिंगखालचा निमुळता पट्टा जाऊन आयत आला. आमच्या काही शाळांत जुना पट्टा पुढे कित्येक वर्षं तसाच होता. हल्ला करताना त्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, त्यामुळे तिथल्या मुली राज्य स्पर्धेत आल्या की उल्लंघनावर उल्लंघनं. पंचांना शिव्या पडायच्या, दोष रंगाच्या डब्याचा होता. जिल्ह्यातल्या प्रत्येक मैदानाची रेषा टेप घेऊन मोजायची हे सहसचिवाचं पहिल्या वर्षाचं उत्तम काम आहे. त्यात तुम्ही प्रत्येक शाळेच्या पी. टी. शिक्षकाला भेटता, तेही काही मागायला नव्हे, काही द्यायला.

स्पर्धा कशावर अडते माहिती आहे? पैशावर नाही. इंदूरमध्ये ट्रॉफीला पैसे देणारा व्यापारी मिळतो, त्याच्या वडिलांचं नाव तेवढं ट्रॉफीवर घालावं लागतं. स्पर्धा अडते ती टेबलावर. स्कोअरर, असिस्टंट स्कोअरर, टायमर आणि शॉट क्लॉक (बॉल रिंगकडे फेकायला किती सेकंद उरले ते दाखवणारं घड्याळ) चालवणारा, अशी चार माणसं प्रत्येक सामन्याला लागतात, आणि दिवसाला सहा सामने असले की तीच चार माणसं दुपारी तीनला डोळे मिटत बसलेली असतात. २००० सालापासून वीस-वीस मिनिटांचे दोन भाग जाऊन दहा-दहाचे चार आले आणि तीस सेकंदांचे चोवीस झाले, तेव्हापासून शॉट क्लॉकवरच्या माणसाला क्षणभरही नजर हलवता येत नाही. बॉल रिंगला लागला की नाही, हे त्याने बघितलं नसेल तर दोन्ही बेंच अंगावर येतात.

म्हणून मुलींनाच टेबल शिकवा. ज्युनियर गटातून बाहेर पडलेली, पुढे सिनियर संघात जाण्याची शक्यता नसलेली मुलगी नाहीतर खेळातून कायमची जाते. तिला स्कोअरशीट शिकवा: पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळा किंवा काळा, सुरुवातीच्या पाच जणींच्या खुणेभोवती गोल, शीटच्या प्रतींचे रंग वेगळे, गुलाबी जिंकणाऱ्याला, पिवळी हरणाऱ्याला. सहा महिन्यांत ती पक्की स्कोअरर होते. त्यातल्या काही पुढे पंचाची परीक्षा देतात. आपल्या राज्यात बायका पंच म्हणून उभ्या राहिल्या की मुलींच्या पालकांचा ग्राउंडवरचा भरवसा वाढतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच ओघात सांगते: बाहेरगावी जाणाऱ्या मुलींच्या संघाबरोबर महिला मॅनेजर नसेल तर संघ पाठवू नका. तुम्ही कितीही सज्जन असलात तरी. ‘या वेळी कोणी मिळत नाहीये’ हे वाक्य पहिल्यांदा मान्य केलंत की दर वेळी ऐकू येईल.

आणि पदाधिकारी म्हणून तुम्ही स्वतः सामना चालू असताना त्या टेबलाजवळ जायचं नाही. इथे विल्यम जोन्स यांची गोष्ट सांगायलाच हवी. फिबा १९३२ मध्ये स्थापन झाली तेव्हापासून १९७६ पर्यंत ते तिचे सचिव होते. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलचं घर बांधणारा माणूस, वाद नाही. पण १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिका ५०-४९ ने पुढे होती, शेवटचे तीन सेकंद उरले होते, टेबलावर घड्याळाचा आणि टाइमआउटचा घोळ झाला, आणि जोन्स प्रेक्षकांतून खाली उतरले. तीन सेकंद पुन्हा लावायला सांगितले. सामना चालू असताना तसं सांगायचा अधिकार नियमाने त्यांना नव्हता. सोव्हिएत संघाने बास्केट केली, ५१-५० ने जिंकले. पंचांपैकी ब्राझीलच्या रिगेत्तो यांनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदकं आजतागायत घेतलेली नाहीत. आता कदाचित ते तीन सेकंद खरोखरच सोव्हिएत संघाला देणं लागत असतील. तज्ज्ञ अजून भांडतात. पण चव्वेचाळीस वर्षांच्या कामाची आठवण काढताना लोकांना आधी ते खाली उतरणंच आठवतं. आपल्या जिल्हा स्पर्धेत कुणी ऑलिंपिक पदक घेऊन बसलेलं नाही, पण सचिव खुर्चीवरून उठून टेबलाकडे चालायला लागला की प्रेक्षकांतल्या प्रत्येक बापाला जे कळतं ते म्युनिकमध्ये कळलं तेच असतं.

तुम्ही म्हणाल, मग दोन्ही भूमिका एकत्र ठेवूच कशाला? कोचिंग सोडूनच टाकावं. तर नाही. जो पदाधिकारी ग्राउंडवर जात नाही तो जिल्हा स्पर्धा फेब्रुवारीच्या अखेरीला ठेवतो, आणि दहावी-बारावीच्या निम्म्या मुली येत नाहीत. तो मे महिन्यात दुपारी तीनचा सामना लावतो. तो सहा नंबरच्या बॉलऐवजी मुलींच्या सामन्याला सात नंबरचा बॉल आणून ठेवतो, कारण दुकानात तोच होता. यातलं एकही कारण नियमपुस्तकात शोधायला लागत नाही; रोज संध्याकाळी पंधरा मुलींसमोर उभं राहिलं की कळतं. स्तांकोविच यांनी १९८९ मध्ये ऑलिंपिकचं दार अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या व्यावसायिक खेळाडूंना उघडलं, मतदान ५६ विरुद्ध १३ झालं. माझ्या मते तो निर्णय फाइलीतून आलेला नव्हता. चांगल्याशी खेळल्याशिवाय संघ सुधारत नाही ही कोचची समज आहे. १९९२ च्या बार्सिलोनानंतर जगभर बास्केटबॉल किती पसरलं ते तुम्ही टीव्हीवर पाहतच वाढलात. लक्षात घ्या, फिबाच्या कचेरीत बसल्यावर ते कुठल्याही संघाच्या बेंचवर नव्हते. आपल्या पातळीवर तेवढी चैन नाही, माणसंच कमी आहेत. म्हणून बेंच, म्हणजे कोचिंग, ठेवा, निवड सोडा.

याला अपवाद आहे आणि तो आपल्याच अंगणातला होता. भिलाईचे राजेश पटेल. पंत स्टेडियमवर मुली घडवणारे कोच, आणि छत्तीसगढच्या संघटनेचं सचिवपदही त्यांच्याकडे. २०१८ मध्ये गेले. त्यांच्या मुली राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षं विजेतेपदं घेऊन येत राहिल्या. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगढ वेगळं झालं तेव्हा मध्य प्रदेशाच्या मुलींच्या बास्केटबॉलचा किती मोठा तुकडा भिलाईबरोबर गेला हे आमच्या पिढीने भोगलंय. मग तिथे दोन्ही एकाच माणसाकडे असून कसं चाललं? माझं मत असं की तिथे पाठीशी पोलाद कारखाना होता, एकाच गावात एकाच मैदानावर सगळी प्रतिभा जमत होती, आणि मुलींना पुढे रेल्वेसारख्या नोकऱ्या मिळत गेल्या म्हणून पालक टिकले. इंदूर तसं नाही. इथे क्लब दहा, शाळा शंभर, आणि प्रत्येकाला आपली रिंग प्यारी. भिलाईचा नमुना इथे उचलून आणायला गेलात तर पहिल्याच वर्षी दुसरी असोसिएशन उभी राहील.

ते काही हवेत बोलत नाही. २०१५ मध्ये आपल्या बास्केटबॉल फेडरेशनच्याच दोन निवडणुका झाल्या, एक बंगळुरूला, एक पुण्याला, आणि दोन कार्यकारिण्या देशापुढे उभ्या राहिल्या. शेवटी फिबाने एकीला मान्यता दिली तेव्हा मिटलं. अशा वेळी खालच्या जिल्ह्याने कुणाच्या पत्राला उत्तर द्यायचं? फाइल ज्याची नीट असते तो तगतो. आपली संस्था मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेली असेल, तर दर वर्षी कलम २७ ची कार्यकारिणीची यादी आणि कलम २८ चा हिशेब रजिस्ट्रारकडे गेला पाहिजे. हे कंटाळवाणं काम करणारा माणूस प्रत्येक संघटनेत एखादाच असतो, आणि वाद झाला की सगळे त्याच्या घरी येतात. आपल्या लोकांना गणेशोत्सव मंडळं आणि नाट्यसंस्था चालवायची सवय आहे, वर्गणीच्या पावतीपुस्तकाचा काउंटरफॉइल जपून ठेवायची शिस्त घरातून आलेली असते. इथे तिचा उपयोग होतो.

राहिला चाळीस वर्षांचा प्रश्न. पदावर तेवढं राहणं आता जमणार नाही, आणि बरंच आहे. २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेने राष्ट्रीय महासंघांच्या अध्यक्षाला जास्तीत जास्त बारा वर्षं दिली. सचिव आणि खजिनदाराला सलग दोन कार्यकाळांनंतर चार वर्षं बाहेर बसवलं. वयाची मर्यादा सत्तर ठेवली. २०२५ मध्ये संसदेने क्रीडा प्रशासनाचा कायदाच केला आणि त्यातही सलग बारा वर्षांनंतर थांबणं आलं. हे नियम राष्ट्रीय पातळीचे, पण त्यांचं वारं राज्यात आणि जिल्ह्यात पोचतंच. पदाचं वय ठरलेलं आहे असं धरूनच आत जा. जाताना ज्याच्या हाती फाइल द्यायची तो माणूस दुसऱ्या वर्षापासून बरोबर ठेवा. शक्यतो तुमच्या क्लबचा नसलेला. कोचिंगला मात्र मुदत नाही. गुडघे साथ देतात तोवर, आणि नंतर खुर्ची टाकूनही, ते चालू राहतं.

पात्रतेबद्दल विचारलंयत ते दोन वाक्यांत. पटियालाचा डिप्लोमा पुरेसा आहे. प्रशासनात पुढे जायचं असेल आणि पदवी अजून शारीरिक शिक्षणातली नसेल, तर ग्वाल्हेरचं लक्ष्मीबाई संस्थान आपल्याच राज्यात आहे, १९५७ पासूनचं, तिकडच्या अभ्यासक्रमांची चौकशी करा. पण जिल्ह्याच्या सहसचिवाला डिग्रीपेक्षा हिशेब, ड्राफ्टिंग आणि हिंदीत नीट पत्र लिहिता येणं जास्त कामाला येतं.

होकार देण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या: संघटनेची घटना, गेल्या तीन वर्षांचे ऑडिट आणि मागच्या दोन निवड चाचण्यांचे मूळ कागद. पहिल्या दोन मिळतील. तिसरी मिळाली नाही तर तोच तुमच्या कामाचा पहिला विषय, तो बैठकीच्या अजेंड्यावर घालायला सांगा. आणि बैठकीची वेळ विचारा. आमच्याकडे ती वर्षानुवर्षं संध्याकाळी सहाची होती, म्हणजे बरोबर सरावाची. मी आत गेल्यावर ती रात्री साडेआठची करून घेतली. त्याने दोन वयस्कर सभासद रागावले आणि एक कोच पहिल्यांदाच बैठकीला आला. तुमची बैठक सहालाच असेल आणि ती हलत नसेल, तर मुलींचा सराव घ्या आणि पद नम्रपणे परत करा.